नाव कोणाचं, गाणं कोणाचं?
'विक्सन' या बायकांच्या बँडची गोष्ट



आज आपण जरा लांबच्या मुलखात जाणार आहोत, थेट अमेरिकेत. आणि बोलणार आहोत एका बँडबद्दल. बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वरातीपुढचा, लाल कोट आणि पितळी वाजंत्र्यांचा बँड येतो. हा तसला नव्हे. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर घेऊन दणदणीत गाणी वाजवणाऱ्या चार बायकांचा हा गट. नाव 'विक्सन'. १९८० साली तो उभा राहिला. पुढे गाजला, फुटला, जुळला, नावावरून कोर्टात गेला, पुन्हा फुटला. ज्या बाईने तो उभा केला ती २०१३ मध्ये कॅन्सरने गेली. आणि तरीसुद्धा २०२३ मध्ये 'विक्सन' या नावाने नवीन गाणं बाजारात आलं.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी धांगडधिंग्याशी आपला काय संबंध? गाणी तुम्हाला आवडतील की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. आमच्यातल्या दोघींनी तर पहिल्यांदा ऐकल्यावर आवाज कमी करायला लावला. पण या बायकांचं ज्यावरून बिनसलं, ते प्रश्न कुठल्याही बचत गटाच्या ओळखीचे आहेत. गटाचं नाव कोणाचं? पहिली बाई निघून गेली तर नाव तिच्याबरोबर जातं, की मागे राहणाऱ्यांचं होतं? आणि आपण राबून जी वस्तू लोकांपुढे ठेवतो, तिचे पैसे नेमके कोणाच्या खात्यात पडतात?

आधी हे संगीत काय आहे ते समजून घेऊ.

साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीतून येतो. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते, तिला आवाजाची पेटी नसते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. तार थरथरली की त्या वेटोळ्यात अगदी कमी दाबाची वीज तयार होते. ही वीज अँप्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज बनून बाहेर पडते. आता जत्रेत लाउडस्पीकरवाला आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवतो तेव्हा काय होतं? आवाज फाटतो. अँप्लिफायरला पेलवत नाही इतकी मोठी लाट आली की तिचा वरचा आणि खालचा भाग छाटला जातो, म्हणून तो करकरीत आवाज येतो. आपण अशा वेळी कानांवर हात ठेवतो. हे लोक तोच फाटलेला आवाज मुद्दाम काढतात. त्याला 'डिस्टॉर्शन' म्हणतात. असा करकरीत गिटार, त्याच्याखाली बेस नावाच्या जाड तारांच्या गिटारचा घुमारा, आणि दोन्ही हात व दोन्ही पाय वापरून वाजवायचे ड्रम, हे सगळं एकत्र आलं की जे बनतं त्याला 'मेटल' हे नाव पडलं.

'ग्लॅम मेटल' म्हणजे त्यातलाच नटवा प्रकार. तो १९८०च्या दशकात लॉस एंजेलिस शहरात फोफावला. हॉलिवूडचा सिनेमा जिथे बनतो तेच हे शहर. तिथल्या सनसेट बुलेवार्ड नावाच्या रस्त्याच्या एका तुकड्यावर 'व्हिस्की अ गो गो', 'रॉक्सी' असे क्लब होते, आणि देशभरातले होतकरू बँड तिथे नशीब काढायला यायचे. संगीत करकरीत, पण चाली सोप्या, लोकांनी मिळून म्हणाव्यात अशा. आणि दिसणं तर विचारूच नका. वाऱ्यावर उडाल्यासारखे फुगवलेले केस, त्यांवर डबेच्या डबे हेअर स्प्रे, अंगाला चिकटलेल्या विजारी, डोळ्यांत काजळ, ओठांना लिपस्टिक. हे सगळं बहुतेक पुरुषांचं बरं का. 'पॉयझन' नावाच्या चार पुरुषांच्या बँडने १९८६ मध्ये आपला पहिला अल्बम काढला, त्याच्या मुखपृष्ठावर चौघेही पूर्ण मेकअपमध्ये आहेत. चेहरे पाहून हे पुरुष आहेत हे सांगावं लागतं.

आम्हाला यातली गंमत अशी वाटते की पुरुषांनी बाईसारखं नटलेलं चालत होतं, विकलंही जात होतं. पण खऱ्या बाईने त्यांच्यासारखा गिटार वाजवायचा म्हटलं की कंपन्यांच्या कपाळावर आठ्या. त्या काळात 'एमटीव्ही' ही गाण्यांची दूरचित्रवाहिनी जोरात होती. १९८१ मध्ये ती सुरू झाली आणि गाणं ऐकण्याइतकंच पाहण्याची वस्तू झालं. ग्लॅम मेटलच्या त्या चित्रफितींत बायका भरपूर दिसत, पण गाडीच्या टपावर पहुडलेल्या नाहीतर गायकाच्या गळ्यात पडलेल्या. वाद्य हातात असलेली बाई क्वचितच.

आता विक्सनकडे येऊ. गट उभा केला तो जॅन कुनेमंड या गिटारवादक मुलीने, उत्तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या राजधानीत, सेंट पॉल या मिसिसिपी नदीकाठच्या गावात. हिवाळ्यात तिथे सगळं गोठतं. बायकांचाच बँड करायचा, आणि बायकांनीच सगळी वाद्यं वाजवायची, हे तिचं ठरलेलं. गायला जॅनेट गार्डनर आली. दशकाच्या मध्याला गट लॉस एंजेलिसला हलला. तिथे ड्रमवर रॉक्सी पेट्रुची आली. ती याआधी 'मॅडम एक्स' नावाच्या बँडमध्ये आपल्या सख्ख्या बहिणीबरोबर वाजवायची. बहीण गिटारवर, ही ड्रमवर. बेसवर शेअर पेडरसन आली. पुढे लग्नानंतर ती शेअर रॉस झाली. तिच्याबद्दल एक आवडलेली गोष्ट सांगून टाकतो: या बाईने सुया-लोकरीच्या विणकामावर एक पुस्तकही लिहिलं आहे. रात्री बेस, सकाळी विणकाम!

'विक्सन' या इंग्रजी शब्दाचा अर्थ कोल्ह्याची मादी, म्हणजे कोल्ही. पण इंग्रजीत तो तोंडाळ, कजाग बाईसाठीही वापरतात. शिवीसारखा शब्द उचलून यांनी त्याचीच पाटी केली.

लॉस एंजेलिसमध्ये दिवस सोपे नव्हते. तिथे त्या काळी 'पे टू प्ले' नावाची पद्धत पसरली होती. म्हणजे वाजवायचं असेल तर आधी पैसे भरा. क्लबचा मालक बँडलाच तिकिटांचा गठ्ठा विकायचा. ती तिकिटं बँडने रस्त्यावर उभं राहून, पत्रकं वाटून खपवायची. खपली नाहीत तर नुकसान बँडचं. प्रदर्शनात स्टॉलचं भाडं आधी भरलं आणि पापड विकले गेले नाहीत, तर जे होतं तेच. अशा बाजारात बायकांच्या गटाला मोठ्या कंपनीचा करार मिळायला बराच वेळ लागला. अखेर ईएमआय कंपनीशी करार झाला आणि १९८८च्या सप्टेंबरमध्ये 'विक्सन' याच नावाचा पहिला अल्बम आला.

त्यातलं 'एज ऑफ अ ब्रोकन हार्ट' हे गाणं चाललं. अमेरिकेत 'बिलबोर्ड' नावाचं नियतकालिक दर आठवड्याला देशातल्या सगळ्यात लोकप्रिय १०० गाण्यांची यादी प्रसिद्ध करतं. त्या यादीत हे गाणं २६व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. पुढच्या वर्षी त्याच अल्बममधलं 'क्राइंग' हे गाणं २२व्या क्रमांकापर्यंत गेलं. ऑझी ऑस्बॉर्न, स्कॉर्पियन्स अशा त्या वेळच्या बड्या मंडळींच्या आधी विक्सन मंचावर येऊ लागली. हजारो लोकांसमोर चार बायका, चौघींच्या हातात आपापलं काम.

इथे जरा थांबू या, कारण खरी मेख इथे आहे.

'एज ऑफ अ ब्रोकन हार्ट' हे गाणं या चौघींपैकी कोणीही लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं होतं रिचर्ड मार्क्स आणि फी वेबिल या दोन पुरुषांनी. दोघेही गायक. मार्क्स तर त्या काळी स्वतःच यशाच्या शिखरावर होता. 'क्राइंग'सुद्धा बाहेरच्याच माणसांनी लिहिलं होतं. यात फसवणूक काही नाही. बाहेरून गाणं घेणं हा त्या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे, आणि गाणं चांगलंच आहे. पण पैशाचं काय होतं ते पाहा.

एका गाण्यात कायद्याच्या नजरेत दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना: शब्द आणि चाल. ती लिहिणाऱ्याची. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण: ती रचना अमुक दिवशी अमुक बायकांनी वाजवली, गायली आणि टेपवर उतरली ती वस्तू. ती बहुतेक वेळा कंपनीची असते, कारण स्टुडिओचे पैसे कंपनीने घातलेले असतात. समजा, लोणच्याची कृती एकीची आहे, कैऱ्या चिरून मसाला कालवून घातलं दुसरीने, आणि बरणी व भांडवल तिसऱ्याचं. बाजारात गेल्यावर तिघांचा वाटा वेगळा.

आता अमेरिकेतली एक तऱ्हा ऐका. आम्ही रेडिओच्या बायका, म्हणून आम्हाला ती फार लागली. तिथे साध्या रेडिओवर, म्हणजे एएम आणि एफएमवर, गाणं वाजलं की पैसे मिळतात ते फक्त रचनाकाराला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कायद्याने एक पैसाही द्यावा लागत नाही. इंटरनेट आणि उपग्रहावरच्या रेडिओसाठी १९९५ मध्ये वेगळा कायदा झाला आणि तिथे कलाकारांना वाटा मिळू लागला. पण साध्या रेडिओचा नियम तसाच राहिला. म्हणजे गेली पस्तीस वर्षं अमेरिकेतल्या एखाद्या गावात सकाळी एफएमवर हे गाणं लागतं, लोक 'अरे, विक्सन!' म्हणून आवाज वाढवतात, आणि त्या वाजण्याचे पैसे जातात रिचर्ड मार्क्स आणि फी वेबिल यांच्याकडे. आवाज जॅनेटचा, गिटार जॅनचा, ड्रम रॉक्सीचे. हातात काही नाही.

आपल्या देशात निदान कागदावर तरी हे बरं आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारालाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याची तरतूद आली. हातात किती पडतं, हा वेगळ्या कार्यक्रमाचा विषय आहे.

आणि कंपनीकडून करार होताना जी रक्कम मिळते तिचं काय? तिला 'अ‍ॅडव्हान्स' म्हणतात, पण ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायकांना तिचं खरं नाव माहीत आहे: उचल. कंपनी आधी पैसे देते. मग अल्बम विकला की कलाकाराच्या वाट्यातून ती उचल कापत राहते. साधारणपणे स्टुडिओचा खर्च आणि चित्रफितीच्या खर्चाचा मोठा हिस्साही त्यातच धरतात. सगळं फिटल्यावर पुढचा पैसा कलाकाराचा. फरक इतकाच की अल्बम खपलाच नाही तर राहिलेली रक्कम बहुधा घरी येऊन कोणी मागत नाही. मुकादमाकडे तेवढीही सूट नसते. त्यामुळे गाणं यादीत २६व्या क्रमांकावर असतानाही बँडच्या मुली श्रीमंत झाल्या असतील, असं समजायचं कारण नाही.

याच सुमाराची तुलना करायची तर 'गो-गोज' या बायकांच्या बँडची करता येईल. हा ग्लॅम मेटल नव्हे, हलकीफुलकी गाणी वाजवणारा, पण त्याच लॉस एंजेलिसचा. त्यांचा १९८१चा पहिला अल्बम पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आपली गाणी आपणच लिहून, आपली वाद्यं आपणच वाजवून तिथे पोहोचलेला तो बायकांचा पहिला बँड. त्याही पुढे फुटल्या, भांडल्या, पुन्हा एकत्र आल्या आणि २०२० मध्ये त्यांनी नवीन गाणंही काढलं. पण गाणी त्यांची होती, त्यामुळे मधल्या वर्षांत गाणं वाजलं की लिहिणाऱ्यांच्या घरी काहीतरी येत राहिलं.

विक्सनच्या बायकांनाही हे कळत नव्हतं असं नाही. १९९० मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, 'रेव्ह इट अप'. त्यातल्या 'हाऊ मच लव्ह' या गाण्याच्या रचनाकारांत जॅन आणि जॅनेट या दोघींची नावं आहेत. गाणं गाजलं, पण आधीच्या दोनइतकं वर चढलं नाही. आम्हाला विचाराल तर तेच जास्त जिवंत वाटतं. तर असो.

मग वारं फिरलं. १९९१च्या सप्टेंबरमध्ये सिअ‍ॅटल भागातल्या 'निर्वाणा' या बँडचा अल्बम आला आणि बघता बघता तरुणांची आवड बदलली. फुगवलेले केस, चमचम, लिपस्टिक हे सगळं एकदम जुनाट वाटायला लागलं. अंगात मळका चौकटीचा शर्ट, विस्कटलेले केस, उदास गाणी असा नवा जमाना. ग्लॅम मेटलचे पुरुषांचे बँडही धडाधड पडले, तिथे बायकांच्या बँडकडे कोण पाहणार? त्याच सुमाराला विक्सन फुटली.

आता गोष्टीचा दुसरा भाग.

काही वर्षांनी जॅनेट आणि रॉक्सी यांनी विक्सन पुन्हा सुरू केली आणि १९९८ मध्ये 'टँजरिन' नावाचा नवा अल्बम काढला. गिटारवर जीना स्टाइल नावाची दुसरी बाई होती. जॅन त्यात नव्हती. शेअरही नव्हती. म्हणजे जिने सेंट पॉलमध्ये गट उभा केला तिच्याशिवाय तिच्या गटाचं नाव मंचावर. जॅन कोर्टात गेली. नाव माझं, असा तिचा दावा होता, आणि ती जिंकली.

अमेरिकी कायद्यात व्यवसायाच्या नावाचा हक्क मुळात वापरातून येतो. कोणी ते नाव आधी वापरलं, सतत वापरलं, लोक त्या नावाने कोणाला ओळखतात, हे पाहिलं जातं. नोंदणी केली असेल तर पुरावा भक्कम होतो. आपल्याकडेही 'ट्रेड मार्क' कायदा आहे, १९९९चा. नोंदणी १० वर्षांसाठी होते आणि पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण करता येतं. मसाल्याच्या पाकिटावरचं नाव असो की वाद्यवृंदाचं, नियम तोच. गटात सगळं गोडीगुलाबीने चाललेलं असताना 'नाव कोणाच्या नावावर?' हा प्रश्न विचारणं जड जातं. पण भांडण झाल्यावर विचारला तर वकिलाकडूनच विचारावा लागतो.

जॅनची बाजू आम्हाला पटते. पण दुसऱ्या बाजूचंही पाहिलं पाहिजे. लोक जे गाणं गुणगुणतात त्यातला आवाज जॅनेटचा. तिने आयुष्यातली उमेदीची वर्षं त्या नावाला दिली. मग तिने कार्यक्रमाच्या पत्रकावर काय छापायचं? कोर्ट नावाचा मालक ठरवू शकतं, ऐकणाऱ्याच्या कानातला आवाज कोणाचा ते कोर्टाला ठरवता येत नाही.

२००१ मध्ये जॅन, जॅनेट आणि रॉक्सी पुन्हा एकत्र आल्या. दिलजमाई झाली असं वाटलं. पण दौरे सुरू झाले आणि पुन्हा बिनसलं. जॅनेट आणि रॉक्सी बाहेर पडल्या. जॅनने नवी गायिका, नवी बेसवादक, नवी ड्रमर घेऊन २००६ मध्ये 'लिव्ह अँड लर्न' हा अल्बम काढला. म्हणजे 'टँजरिन'मध्ये आवाज जुना पण संस्थापक नाही, आणि 'लिव्ह अँड लर्न'मध्ये संस्थापक आहे पण आवाज नवा. खरी विक्सन कोणती? रसिकांमध्ये यावरून दोन तट पडले. मधल्या काळात, २००४ मध्ये, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी मूळच्या चौघी एका रात्रीपुरत्या मंचावर आल्या होत्या. फुटलेल्या बँडच्या लोकांना शोधून पुन्हा एकत्र वाजवायला लावायचं, असा तो कार्यक्रम होता. चौघींनी वाजवलं, आणि परत आपापल्या वाटेने गेल्या.

२०१२च्या सुमाराला जॅनेट, शेअर, रॉक्सी आणि जीना पुन्हा वाजवू लागल्या. पण विक्सन हे नाव त्यांना लावता येत नव्हतं. मग काय केलं? चौघींच्या नावांची पहिली अक्षरं घेतली: जे, एस, आर, जी. 'जेएसआरजी' असा बँड. गाणी तीच, हात तेच, पण पाटी कोणाच्या ओळखीची नाही. नाव हातातून गेलं की काय होतं, ते यावरून कळावं.

आणि मग असं झालं की जॅनचं आणि या बायकांचं पुन्हा बोलणं सुरू झालं. मूळच्या चौघींनी एकत्र यायचं, असा बेत ठरत आला होता. तेवढ्यात जॅनला कॅन्सर निघाला. १० ऑक्टोबर २०१३ रोजी ती गेली. बेत राहून गेला.

जॅन गेल्यानंतर जॅनेट, शेअर आणि रॉक्सी यांनी जीनाला बरोबर घेऊन 'विक्सन' हे नाव पुन्हा लावलं. जिच्याशी नावावरून कोर्टात भांडण झालं होतं, तिच्या मागे तेच नाव सांभाळायचं. हे किती अवघड असेल याचा अंदाज जावा-जावांमध्ये राहिलेल्या बायकांना आम्ही सांगायला नको.

त्यानंतरचा काळ भराभर सांगतो. २०१७ मध्ये जीनाच्या जागी ब्रिट लाइटनिंग ही तरुण गिटारवादक आली. २०१८ मध्ये 'लाइव्ह फायर' हा थेट कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेला अल्बम आला. २०१९ मध्ये जॅनेट स्वतःच बाजूला झाली, आणि तिच्या जागी लोरेन लुईस आली. लोरेन १९८८ मध्ये 'फेम फताल' नावाच्या बँडमध्ये गायची. तिथे ती एकटी बाई, बाकी सगळे पुरुष. २०२२ मध्ये शेअर गेली, आणि ब्राझीलची जुलिया लाज बेसवर आली. जुन्या चौघींतली उरली ती एकटी रॉक्सी. आणि या नव्या चौघींनी २०२३ मध्ये 'रेड' हे नवं गाणं काढलं.

आता तुमच्या मनात येईल, जुनी गाणी लोकांना पाठ आहेत, त्यावर कार्यक्रम मिळतात, मग नव्या गाण्याचा खटाटोप कशाला?

कार्यक्रम मिळतात हे खरं. १९८०च्या दशकात विशी-पंचविशीत असलेले लोक आता साठीला टेकलेत, मुलं मोठी झाली, हातात थोडा पैसा आला. त्यांच्यासाठी अमेरिकेत जुन्या बँडचे मोठमोठे महोत्सव भरतात. एवढंच काय, 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' नावाची जहाजाची सफर निघते. काही दिवस समुद्रावर, आणि डेकवर दिवसरात्र जुने मेटल बँड. विक्सनही तिथे वाजवते. आजच्या काळात बहुतेक बँडची चूल अशा कार्यक्रमांच्या बिदागीवर आणि बाहेर टेबल मांडून विकलेल्या टी-शर्टांवर चालते. मोबाइलवर ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांतून एका ऐकण्यामागे पैशाचा अगदी बारीक तुकडा पडतो, आणि तोही वाटला जातो.

पण फक्त जुनीच गाणी वाजवत राहिलं तर बँड स्वतःचीच नक्कल होऊन बसतो. त्यातून जिथे चौघींतली एकच जुनी आहे, तिथे लोक सहज म्हणतात, ही विक्सन कसली, ही तर विक्सनची गाणी वाजवणारी मंडळी. त्या बोलण्याला तोंडी उत्तर देता येत नाही. या चौघींनी मिळून बनवलेलं, याआधी कोणीच न वाजवलेलं गाणं पुढे ठेवणं, एवढंच करता येतं. दुसरं म्हणजे हक्क. १९८८च्या गाण्यांचे कागद १९८८ मध्येच सह्या होऊन गेले. नव्या गाण्याचा कागद नव्याने लिहिता येतो: रचनाकार म्हणून नाव कोणाचं, ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचं, हे आधी ठरवून. आणि आता त्याला पूर्वीसारखं भांडवलही लागत नाही. त्या काळी अल्बम म्हणजे महागडा स्टुडिओ, छापखाना, देशभर दुकानांत माल पोचवणारी कंपनी. आज एकेक गाणं सुटं ध्वनिमुद्रित करून काही दिवसांत जगभर सोडता येतं. म्हणूनच अशा बँडची नवी गाणी हल्ली अल्बमच्या गठ्ठ्याने कमी आणि एकेक करून जास्त येतात.

अडचणही आहे. कार्यक्रमात नवं गाणं सुरू झालं की काही प्रेक्षक खाण्यापिण्याच्या टपरीकडे वळतात. जुन्या बँडच्या बहुतेक मैफलींत हे होतं, पुरुषांच्या बँडचंही. बायकांना वरून आणखी एक ऐकावं लागतं: वयाबद्दल. सत्तरीचा पुरुष गिटार घेऊन उभा राहिला की तो 'दिग्गज' ठरतो. साठीची बाई तशीच चामड्याची विजार घालून उभी राहिली की लोक आधी तिचा चेहरा न्याहाळतात. रॉक्सी आता साठीच्या पुढे आहे. ड्रम वाजवणं म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय तासभर वेगवेगळ्या लयीत चालवणं. भात लावणीला वाकलेल्या बाईला त्यातले कष्ट कळतील. त्या वयात ती हे काम करते, याबद्दल बोलायचं सोडून केसांबद्दल बोलणारे लोक आम्हाला कळत नाहीत.

२०२४ मध्ये पुन्हा बदल झाला. लोरेन बाहेर पडली आणि कॅनडातल्या माँट्रियलची रोझा लारिकिउटा गायला आली. म्हणजे या नावाखाली गायलेल्या बायकांची यादी आता चांगलीच लांबली आहे. काही जुने चाहते अजूनही मानत नाहीत. जॅनेटशिवाय विक्सन नाही, असं ते म्हणतात. त्यांच्या घरी त्यांचं खरं.

तुमच्यापैकी कोणाला ऐकायचं असेल, तर मुलीच्या नाहीतर सुनेच्या मोबाइलवर नाव टाकून शोधा. आम्ही केंद्रावरून ही गाणी वाजवू शकत नाही, त्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि तो आमच्याकडे नाही. आधी 'एज ऑफ अ ब्रोकन हार्ट' ऐका, म्हणजे कंपनीने काय विकलं ते समजेल. मग 'हाऊ मच लव्ह' ऐका, त्यात जॅनचा गिटार नीट कान देऊन ऐका. शेवटी 'रेड'. ते सुरू झालं की गायिका विसरा आणि मागच्या ड्रमकडे लक्ष द्या. तिन्ही गाण्यांत ड्रमवर तीच एक बाई आहे. आवाज आधी थोडा कमी ठेवा. शेजारच्यांना वाटायचं, टीव्ही बिघडला.